बराकीतच थांब

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज इझेकिएलचा निरोप आला. सात महिन्यांनी. फोनवर रेकॉर्ड करून पाठवलेला, जेमतेम चाळीस सेकंदांचा. "सर, आमच्या निवडणुकीचं तुमच्या कानावर आलंच असेल. आम्ही ठीक आहोत. मावशीला नमस्कार." एवढंच. आवाज मात्र ठीक नव्हता.

कानावर आलं होतं. पेपरात आतल्या पानावर चार ओळी होत्या. त्यांचे राष्ट्राध्यक्ष निवडणूक हरले, निकाल मानायला तयार नाहीत, राजधानीत लोक रस्त्यावर आहेत.

देशाचं नाव मी या वहीत लिहीत नाही. नोकरीतली सवय, आणि आता त्यातच इझेकिएलचंही भलं आहे. आफ्रिकेतला एक लहान देश, एवढं पुरे. तेरा वर्षांपूर्वी मी तिथे अडीच वर्षं काढली. एका माणसाची तीस वर्षांची सत्ता, मग यादवी, आणि मग त्यांची पहिली खरी निवडणूक. नव्या लोकशाहीला नवं सैन्य उभं करायचं होतं. त्यांनी आपल्याकडे शिकवणारे अधिकारी मागितले, त्यांतला मी एक. अकादमीला अर्धं छप्पर होतं. पहिल्या तुकडीतली निम्मी पोरं जुन्या फौजेतली, निम्मी बंडखोरांची. एका टेबलावर जेवायला बसेनात. मी हजेरीच्या नंबराप्रमाणे बसवली. तीन दिवस कुणी घास घेतला नाही. चौथ्या दिवशी बंडखोरांकडच्या एका पोराने शेजारच्याच्या ताटात भाजी वाढली. तो इझेकिएल.

पुढे तो आपल्याकडे वर्षभराच्या कोर्सला आला. दिवाळीची सुट्टी आणि जाण्याआधीचे सोळा दिवस आमच्या डोंबिवलीच्या घरी, मागच्या खोलीत राहिला. मुलगी झाल्याचा फोन त्याला आमच्या हॉलमध्ये आला. चित्राला मावशी म्हणायला त्याला कुणी शिकवलं, आठवत नाही. चित्रा त्याला इझू म्हणते.

निरोप तिला ऐकवला. तिने दोनदा ऐकला. म्हणाली, "हा ठीक नाहीये हो."

७ नोव्हेंबर

सकाळी सोसायटीच्या कट्ट्यावर शेजारचे महिपतराव तापलेले. काल शिळफाट्याला ट्रॅफिकमध्ये दीड तास अडकले होते. "कर्नल, या देशाला एकच औषध आहे. दोन वर्षं मिल्ट्रीच्या ताब्यात द्या. सगळे सरळ येतील." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझाच सत्कार चालला होता.

मी नेहमीचंच म्हणालो, "महिपतराव, मिल्ट्री दोन वर्षांसाठी येते आणि वीस वर्षं बसते."

"आपली तशी नाही."

"नाही, कारण आपण तिला बसायला खुर्ची दिलेली नाही."

घरी येताना तिथला वर्ग आठवला. एकदा त्यांच्या संसदेची संरक्षण समिती अकादमी बघायला आली होती. एका सदस्याने बंदुकीच्या दस्त्याला नळी म्हटलं, पोरं फिदीफिदी हसली. समिती गेल्यावर मी सगळ्यांना भर उन्हात उभं केलं. म्हणालो, त्यांना बंदूक कळत नाही, पण ती कुणावर रोखायची हे तेच ठरवणार. तुम्ही नाही.

इझेकिएलने हात वर केला. "सर, सरकारच चुकलं तर?"

"तर कोर्ट आहे, मतदार आहे. तू नाहीस."

ते वाक्य त्याने वहीत लिहून घेतलं होतं. मी पाहिलं होतं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

दुपारी साडेतीनला इझेकिएलचा फोन आला. बावीस मिनिटं बोललो. महत्त्वाचं आहे म्हणून आठवेल तसं सगळं लिहून ठेवतो. बोलणं इंग्रजीतलं, लिहितो मराठीत.

तो आता लेफ्टनंट कर्नल आहे. संसद आणि रेडिओ केंद्र यांच्यामधल्या पुलाशी त्याच्या बटालियनची बराक आहे. म्हणाला, "सर, राष्ट्राध्यक्षांचा हुकूम आहे, पुलावरची गर्दी हटवा. लागलं तर गोळी चालवा. आणि जनरल साहेबांनी काल सगळ्या कमांडरांना बोलावलं. रविवारी सकाळी सत्ता हातात घ्यायची. प्रत्येकाला विचारलं, तू आहेस ना? मी म्हणालो, विचार करून सांगतो. असं म्हणणारा मी एकटाच होतो."

मी विचारलं, "गोळीचा हुकूम लेखी आहे का?"

"नाही."

"मग तो हुकूम नव्हे. गोळी चालवायची नाही."

"ते मला कळतं, सर. जनरलच्या बेताचं विचारतोय. लोकांनाही सैन्य यायला हवंय. बायका आमच्या जवानांना पाणी आणून देतात, म्हणतात, कधी येताय? ज्याला मतं मिळाली त्याला खुर्ची मिळत नाहीये. जनरल म्हणतात, सहा महिन्यांत परत निवडणूक घेऊ."

"सगळे असंच म्हणतात."

"सर, तुम्ही शिकवलंत, कोर्ट आहे, मतदार आहे. कोर्टाला परवा कुलूप लागलं. मतदारांनी मत दिलं, ते झालं. आता?"

 मी म्हणालो, "तरीही तू नाहीस. आज चांगल्या कारणासाठी बाहेर पडलास, तर उद्या वाईट कारणासाठी पडणाऱ्याला तू अडवणार कशाच्या जोरावर?"

 तो म्हणाला, "जनरलच्या बाजूने नाही, राष्ट्राध्यक्षांच्या बाजूने नाही. मग काय करू?"

"बराकीतच थांब. शस्त्रागाराला कुलूप घाल. बटालियन कुणाच्याच बाजूने बाहेर काढू नकोस."

"आणि मी?"

"तू बटालियनबरोबर. कमांडर आणखी कुठे असणार?"

"येस सर," म्हणाला. त्यानंतर इकडचं तिकडचं बोलायला लागला. मनावर ताण आला की माणूस असं भरकटतो. मावशी अजून वाल सोलत बसते का? मागची खोली अजून तशीच आहे का? मर्सीला, म्हणजे त्याच्या बायकोला, आमचं घर बघायची फार इच्छा आहे. नाओमी आता सात वर्षांची आहे, विमानाला घाबरणार नाही. शनिवारी एक विमान आहे, पण ते दुबईमार्गे जातं.

मी म्हणालो, "खोलीत माझी पुस्तकं आहेत, पण काढता येतील. हे सगळं मिटलं की रजा घेऊन या सगळे."

"हो सर. मिटलं की."

माझ्या मते बोलणं स्पष्ट झालं. त्याला हवं ते उत्तर मिळालं.

फोन ठेवला तर चित्रा दारात उभी. "काय म्हणाला?"

सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "शनिवारचं विमान का सांगत होता तो?"

"सहज बोलला असेल."

"गोळीबाराच्या तोंडावर उभा असलेला माणूस सहज विमानाची वेळ सांगतो?" एवढं बोलून आत गेली. रात्री नीट जेवली नाही.

१४ नोव्हेंबर

चित्राने त्याला फोन लावला. लागला नाही. मला न सांगता लावला होता, संध्याकाळी सांगितलं.

मागच्या खोलीतली माझी पुस्तकं तिने गॅलरीत आणून रचली आहेत. 

१६ नोव्हेंबर, रविवार

झालं. टीव्हीवर दिवसभर तेच. जनरल गणवेशात भाषण करताहेत. राष्ट्राध्यक्ष नजरकैदेत. आणि रस्त्यावर लोक नाचताहेत. रणगाड्यांवर चढून, जवानांच्या गळ्यात पडून. पोरीबाळी, म्हातारे. पूल दिसला. पुलावर दुसऱ्याच बटालियनच्या गाड्या होत्या.

महिपतरावांचा फोन. "कर्नल, बघितलंत का? जमलं की नाही तिकडे! एक माणूस मेला नाही. तुमच्याच हाताखालची ना ती पोरं?"

हो म्हणालो. होतीच.

१९ नोव्हेंबर

मर्सीचा फोन आला. पहिल्यांदाच बोललो तिच्याशी. हळू बोलते.

रविवारी पहाटे इझेकिएलने शस्त्रागाराला कुलूप घातलं आणि बाहेर खुर्ची टाकून बसला. जवानांना सांगितलं, जेवा, कपडे धुवा, कुणी फाटकाबाहेर जायचं नाही. दुपारी जनरलची माणसं आली. काही जवान अडवायला उठले, त्याने त्यांना खाली बसवलं. कमरेचा पट्टा काढून स्वतःच त्यांच्या हातात दिला. एकही गोळी सुटली नाही.

मला भरून आलं. मी म्हणालो, "मर्सी, तुला त्याचा अभिमान वाटायला हवा."

ती म्हणाली, "सर, लोकांनी आमच्या घरावर दगड मारले. भिंतीवर 'म्हाताऱ्याचा कुत्रा' असं लिहिलंय. शाळेत नाओमीशेजारी कुणी बसत नाही. त्याने त्या म्हाताऱ्या राष्ट्राध्यक्षासाठीही काही केलं नाही आणि यांच्यासाठीही नाही. आता आमचं कोण आहे?"

मी म्हणालो, कायद्याने सगळं बाहेर येईल.

दोघी उद्या सीमेपलीकडे तिच्या बहिणीकडे जाताहेत.

२३ नोव्हेंबर, रविवार

लष्करी न्यायासनापुढे खटला आहे. हुकूम मोडणे आणि राष्ट्रद्रोह. त्याच्या बचावासाठी नेमलेल्या कॅप्टनचा मेल आला. विनंती साधी आहे. शिक्षक या नात्याने इझेकिएलच्या वागणुकीचं एक प्रमाणपत्र द्यावं.

अंतरा वर्तकनगरहून आली. आमची एकुलती एक मुलगी, ठाण्याला वकिली करते. मी मसुदा वाचायला दिला. वाचता वाचता तिने चष्मा काढला.

"बाबा, हे फोनचं कशाला लिहिलंत?"

"कारण तसं घडलं. त्याने सल्ला मागितला, मी दिला, त्याने पाळला. त्याच्या मनात कट नव्हता हे त्यातूनच सिद्ध होतं."

"त्यांनी वागणुकीचं सर्टिफिकेट मागितलंय. हुशार होता, प्रामाणिक होता, संपलं. बाकीचं प्लीज काढा."

"म्हणजे अर्धं सांगायचं? शपथेवर?"

"कुणी शपथ घातलीये तुम्हाला? बाबा, ते कोर्ट नाहीये. ज्याने सत्ता घेतली त्यानेच तिथे जज बसवलेत."

"अधिकारी आहेत ते. त्यांतल्या दोघांना मी शिकवलंय. त्यांना खरं काय ते कळेल."

तिने मसुदा बाजूला ठेवला. "तुम्ही लोकांनी तिथे आर्मी एक नंबर बांधलीत, बाबा. पण कोर्ट कुणी बांधलं? पेपर कुणी बांधले? त्या अख्ख्या देशात धड उभी असलेली एकच गोष्ट होती, ती तुमची आर्मी. मग ती खुर्चीत बसणार नाही तर काय करणार?"

 पण प्रश्न पत्राचा होता. तिला तसं सांगितलं.

चित्राने मध्येच विचारलं, "अंतरा म्हणते तसं दिलं तर कुणाचं काय बिघडेल हो?"

"खोटं होईल."

"कुणाचं बिघडेल, असं विचारलं मी."

२६ नोव्हेंबर

पत्र सकाळी अकरा वाजता पाठवलं. पूर्ण. हुद्दा, सेवा क्रमांक, सही. 'दिनांक १२ रोजी आरोपीने दूरध्वनीवरून माझा सल्ला मागितला. बटालियन कोणत्याही पक्षाच्या बाजूने बराकीबाहेर काढू नये, असे मी त्यास सांगितले. त्याने त्याचे तंतोतंत पालन केले.'

पाठवल्यावर हलकं वाटलं. बऱ्याच दिवसांनी दुपारी झोप लागली.

२ डिसेंबर

बातमी नाही.

५ डिसेंबर

कॅप्टनला मेल केला. उत्तर नाही. चित्रा रोज संध्याकाळी गणेश मंदिरात जाते. पूर्वी फक्त चतुर्थीला जायची.

१० डिसेंबर, बुधवार

निकाल त्यांच्या रेडिओच्या संकेतस्थळावर लागला. अंतराने फोन करून सांगितलं, मग मी स्वतः वाचला. चार वेळा वाचला.

दोषी. मृत्युदंड.

निकालातला एक परिच्छेद मराठीत शब्दशः उतरवून ठेवतो. 'आरोपीने निर्णायक प्रसंगी स्वतःच्या वरिष्ठांची आज्ञा धुडकावून परकीय सैन्यातील अधिकाऱ्याकडून दूरध्वनीवरून आदेश घेतले व त्यांचे तंतोतंत पालन केले. सदर अधिकाऱ्याने हे स्वतःच्या सहीने मान्य केले आहे.'

'तंतोतंत' हा माझा शब्द.

पाचजणांच्या सह्या आहेत. तिसरी सही ओळखीची वाटली. पहिल्या तुकडीतला मुलगा. चौथ्या दिवशी इझेकिएलने ज्याच्या ताटात भाजी वाढली, तो.

११ डिसेंबर

चित्रा बोलत नाही. स्वयंपाक करते, पान वाढते, समोर बसत नाही.

१३ डिसेंबर, शनिवार

अंतरा आली. वाटलं होतं, आता म्हणेल की मी सांगत होते. तिने काही म्हटलं नाही. माझ्याशेजारी सोफ्यावर बसून राहिली, लहानपणी बसायची तशी. मग म्हणाली, "त्यांनी कसंही केलंच असतं, बाबा. तुमचं पत्र नसतं तर दुसरं काही शोधलं असतं."

माझी मुलगी चांगली वकील आहे. पण ती माझ्यासाठी खोटं बोलत होती, आणि मला ते कळत होतं.

२० डिसेंबर

दिल्लीला दोन पत्रं लिहिली. ज्यांच्याबरोबर नोकरी केली त्यांना फोन केले. सगळे नीट बोलले. कुणीतरी म्हणालं, "अरे, आपण काय करणार? त्यांचा अंतर्गत मामला आहे." हे वाक्य मीही नोकरीत असताना अनेकांना ऐकवलं आहे.

जनरलला थेट अर्ज केला. त्यात लिहिलं की आदेश माझा होता, शिक्षा द्यायची तर शिक्षकाला द्या. अर्ज अंतराला आधी दाखवला. या वेळी तिने एकही शब्द काढायला सांगितला नाही. त्यावरून मी ओळखलं, आता काही उपयोग नाही.

१ जानेवारी

३० डिसेंबरला शिक्षा अमलात आणली. रेडिओच्या निवेदनात दोन ओळी.

चित्रा मागच्या खोलीत जाऊन आतून कडी लावून बसली. मी दाराबाहेर उभा राहिलो. आतून आवाज येत नव्हता, तेच जास्त वाईट होतं. दार वाजवायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. वाजवून काय सांगणार होतो?

तो छत्तीस वर्षांचा होता.

६ जानेवारी

जेवताना चित्रा बोलली. सव्वीस दिवसांनी. म्हणाली, "तो जेवायला बसला की बास बास म्हणायचा. मराठीतलं तेवढंच त्याला नीट यायचं. आणि मी आणखी वाढायचे. मला वाटायचं, भिडस्त आहे. खरंच पोट भरलेलं असेल बिचाऱ्याचं."

मग रडली. मी उठून तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने झटकला नाही.

१५ जानेवारी, गुरुवार

महापालिकेचं मतदान. सकाळीच जाऊन आलो. प्रभागातल्या चार जागांसाठी चार मतं द्यायची असल्यामुळे रांग हळू सरकत होती. महिपतराव माझ्यापुढे दोन माणसं सोडून होते. त्यांच्या मागचा कुणीतरी म्हणाला, "काका, कशाला उन्हात उभं राहायचं? इकडून तिकडून सगळे सारखेच. यापेक्षा मिल्ट्रीच्या..."

महिपतराव एकदम वळले. "गप रे," म्हणाले. "मतदान करायला आलायस ना? ते कर." मग मागे येऊन माझ्याशेजारी उभे राहिले, स्वतःचा नंबर सोडून. इझेकिएलचं त्यांना चित्राकडून कळलं असावं.  त्यांनी माझी काठी धरून ठेवली, मी सही करेपर्यंत.

शाई लावून घेतली, चारही बटणं दाबली. बाहेर आलो. 

१८ जानेवारी, रविवार

मर्सीचा फोन आला. मी उचलायला घाबरलो होतो, हे लिहून ठेवतो.

ती रागावली नव्हती. बहिणीच्या गावात शिवणकामाच्या दुकानात लागली आहे. नाओमीला शाळेत घेतलंय. मग म्हणाली, "सर, तुम्हाला एक सांगायचं राहिलं होतं. त्या बुधवारी तुमच्याशी बोलून तो घरी आला. मला म्हणाला, सर म्हणाले लगेच निघा. तिघेही या. खोली रिकामी करून ठेवतो, मावशी वाट बघतेय. मी बॅग काढली. तर हसला. म्हणाला, मी सरांना 'येत नाही' म्हणालो. आयुष्यात त्यांचा एकच हुकूम मोडला, हा."



ती म्हणाली, "मी त्याच्यावर खूप रागावले होते. अजून आहे. पण सगळीकडून दारं बंद झाली ना, तेव्हा मी स्वतःला सांगायचे, एका घरातून आपल्याला या म्हटलं होतं. तुमचे आभार मानायचे होते."

मी काहीतरी पुटपुटलो आणि फोन ठेवला.

मी असं काही म्हणालो नव्हतो. वर १२ तारखेची नोंद आहे. खोलीत माझी पुस्तकं आहेत, असं मी म्हणालो होतो.

१९ जानेवारी

चित्राला सांगितलं. ती खुर्चीवर बसली. "इझूने असं सांगितलं तिला?" एवढंच दोनदा म्हणाली.

मी म्हणालो, "तिला खरं सांगायला हवं. ती माझे आभार मानतेय. ते मी कसे घेऊ?"

चित्रा म्हणाली, "तुम्ही सांगणार. तुमच्या पोटात काही राहत नाही. फक्त सांगायच्या आधी एवढं ठरवा, सांगून हलकं कुणाला वाटणार आहे?"

विचार केला. पण मेलेल्या माणसाच्या खोट्याआड लपून राहणं मला जमणार नाही. ते भित्रेपणाचं आहे.

२१ जानेवारी, बुधवार

सकाळी अकराला, म्हणजे त्यांच्या साडेआठला, फोन केला आणि सांगितलं. वहीतली नोंदच वाचून दाखवली, शब्द इकडचा तिकडे नको म्हणून. शनिवारचं विमान, खोली, पुस्तकं, सगळं.

पलीकडे शिवणयंत्राचा आवाज येत होता. तो थांबला.

तिने विचारलं, "हे मला का सांगितलंत?"

"कारण ते खरं आहे."

"सर," ती म्हणाली, "त्याच्याकडे द्यायला दुसरं काही उरलं नव्हतं. एक गोष्ट त्याने तुमच्यासाठी आणि माझ्यासाठी मागे ठेवली होती. तीही तुम्ही राहू दिली नाहीत."

फोन बंद झाला.

२६ जानेवारी

सोसायटीत झेंडावंदन झालं. दरवर्षी दोरी माझ्याच हातात देतात, या वर्षीही दिली. दोन शब्द बोला म्हणाले. मी नाही म्हणालो. त्यांना वाटलं, घसा बसलाय.

मर्सी फोन उचलत नाही. रोज अकराला लावतो. मी काय चुकीचं केलं, हे अजून नीट मांडता येत नाही. प्रत्येक पायरीवर नियम बरोबर होता. त्याला थांब म्हणालो ते बरोबर होतं. आजही कुणी वर्गात विचारलं तर तेच सांगेन. पत्रात खरं लिहिलं. मर्सीला खरं सांगितलं. सगळं बरोबर असूनही तिकडे एक बाई शिवणयंत्रावर बसून आहे, आणि तिला या म्हणणारं घर आता कुठेही नाही.

२९ जानेवारी, गुरुवार

दुपारी डोळा लागला होता. स्वयंपाकघरातून बोलण्याचा आवाज आला म्हणून उठलो. चित्रा ओट्याशी उभी राहून फोनवर इंग्रजीत बोलत होती, तुटक, शाळेत शिकवत असताना मुलांशी बोलायची तसं. लहान मुलीचा आवाज येत होता. नाओमी. मर्सी चित्राशी बोलते, हे मला माहीत नव्हतं. किती दिवस बोलते, विचारलं नाही.

मी दारातच थांबलो. नाओमी हसत होती. शाळेतल्या कुठल्याशा बकरीची गोष्ट सांगत होती, तिने कुणाची वही खाल्ली म्हणून. चित्राही हसली. घरात हसण्याचा आवाज नोव्हेंबरनंतर आज ऐकला.

मग नाओमीने विचारलं, "आजोबा आहेत का तिथे?" आजोबा हा शब्द मराठीत. बापाने शिकवला असणार.

चित्राने वर पाहिलं. मी तिच्यापासून चार पावलांवर उभा होतो. आमची नजरानजर झाली. फोनमध्ये मागून मर्सीचा आवाज आला, काय म्हणाली ते कळलं नाही, पण पोरगी गप्प झाली.

"नाहीत गं," चित्रा म्हणाली. "बाहेर गेलेत. यायला उशीर होईल त्यांना."

मी तोंड उघडलं होतं. मिटलं. चपलांचा आवाज होऊ नये म्हणून त्या तिथेच काढल्या आणि अनवाणी बाहेरच्या खोलीत येऊन बसलो.